आधी यादी लावा
नियोजित शस्त्रक्रियांसाठी ताटकळलेल्या रुग्णांच्या वतीने खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री आणि मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : सरकारी रुग्णालयांतील नियोजित शस्त्रक्रियांची प्रतीक्षा यादी तयार करून जाहीर करण्याबाबत.

मा. मंत्रिमहोदय,



मी एका जिल्हा रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका. नोकरीची बहुतेक वर्षे ऑपरेशन थिएटरमध्ये गेली, शेवटची काही वर्षे इन्चार्ज सिस्टर म्हणून. उद्या टेबलवर कोणाला घ्यायचे ते बोर्डावर लिहायचे आणि ऐनवेळी केस रद्द झाली की ते नाव पुसून नातेवाइकांना सांगायचे, ही दोन्ही कामे माझ्याकडे असत. करोनाच्या दोन्ही लाटांत मी कामावर होते. आता घरी असले तरी फोन थांबलेले नाहीत. "सिस्टर, आईच्या ऑपरेशनची तारीखच मिळत नाही, काही करता येईल का?" असे विचारणाऱ्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नाही. ते आपल्या दोघांकडे आहे, म्हणून हे पत्र.

शस्त्रक्रिया थांबवण्याच्या निर्णयाबद्दल माझी तक्रार नाही. २० मार्च २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितले की, तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकला. ते बरोबरच होते. पूर्ण भूल देताना घशात नळी घालावी लागते, तेव्हा भूलतज्ज्ञाचा चेहरा रुग्णाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असतो. आमचे भूलतज्ज्ञ, आमचे मॉनिटर, व्हेंटिलेटर सगळे कोविड वॉर्डात गेले आणि तिथे त्यांची गरजही होती. मुंबईत नायर रुग्णालय कोविडसाठी दिले गेले तरी शहरात इतर मोठी सरकारी आणि पालिकेची रुग्णालये होती. जिल्ह्याच्या ठिकाणी तसे नसते. जिल्हा रुग्णालय कोविड रुग्णालय झाले, की गरिबाला फुकट ऑपरेशन करून मिळण्याची जिल्ह्यातली मोठी जागाच बंद होते. एका आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने मे २०२० मध्ये अंदाज मांडला होता, की साथीच्या ऐन बारा आठवड्यांत जगभरात सुमारे २ कोटी ८४ लाख नियोजित शस्त्रक्रिया रद्द होतील किंवा पुढे जातील. त्यांत भारतातल्या ५ लाख ८० हजारांहून अधिक. साथीनंतर नेहमीपेक्षा २० टक्के जास्त शस्त्रक्रिया केल्या, तरी हा अनुशेष भरून काढायला साधारण ४५ आठवडे लागतील, असेही त्यात म्हटले होते. हा हिशेब फक्त बारा आठवड्यांचा. आपल्याकडे त्यानंतर २०२१ ची दुसरी लाट आली आणि पुन्हा सगळे थांबले.

माझी तक्रार त्यानंतरच्या काळाबद्दल आहे. थिएटरची दारे उघडली, पण बाहेर किती माणसे थांबली आहेत हे कोणी मोजले नाही.

पहिले गाऱ्हाणे हेच. आमच्याकडे लांबट, जाड पुठ्ठ्याचे एक रजिस्टर असे. नाव, वय, गाव, निदान, मोबाईल नंबर आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. शेऱ्यात लिहिलेले असे : रक्त उपलब्ध नाही, बी.पी. जास्त, भूलतज्ज्ञ रजेवर, पुढील तारीख कळवू. मार्च २०२० मध्ये ते रजिस्टर कपाटात गेले. काम पुन्हा सुरू झाले तेव्हा नवे रजिस्टर उघडले आणि त्या दिवशी ओपीडीत जे आले त्यांची नावे त्यात चढली. जुन्या पानांवरची नावे नव्यात उतरवून घ्या, प्रत्येकाला फोन करा, असा आदेश वरून कधीच आला नाही. काही सिस्टरांनी स्वतःहून फोन लावले, त्यातले बरेच नंबर बंद लागले. त्या माणसांपैकी कोणी कर्ज काढून खासगीत गेले असेल, कोणी दुखणे अंगावर काढत बसले असेल, कोणी आज हयात नसेल. सरकारदरबारी त्यांची नोंद नाही, म्हणून त्यांचा प्रश्नही नाही.

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेचे उदाहरण देते. तिथेही रांगा आहेत आणि त्या लांब आहेत. साथीआधी, फेब्रुवारी २०२० मध्ये, नियोजित उपचारांच्या यादीत सुमारे ४६ लाख नोंदी होत्या. सप्टेंबर २०२३ पर्यंत त्या ७७ लाखांवर गेल्या. हा आकडा आपल्याला ठाऊक आहे, कारण तिथे तो दर महिन्याला जाहीर होतो. अठरा आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत हे तिथले ठरलेले मानक आहे आणि ते पाळले गेले नाही, की सरकारला तोंड द्यावे लागते. यादी डोळ्यांसमोर होती म्हणूनच २०२२ च्या जुलैपर्यंत दोन वर्षांहून अधिक काळ थांबलेल्यांना आधी मोकळे करायचे, असे त्यांना ठरवता आले आणि ते बव्हंशी करूनही दाखवता आले. महाराष्ट्रात हर्नियासाठी किती जण थांबलेत, खुबा बदलण्यासाठी किती, अंग बाहेर येण्याच्या त्रासासाठी किती बायका, आणि त्यांत सर्वांत जुनी तारीख कोणाची, हे एखाद्या आमदाराने विचारले तरी आज आपल्याला सांगता येईल का?

म्हणून पहिली मागणी : प्रत्येक जिल्हा, उपजिल्हा आणि महाविद्यालयीन रुग्णालयाने शस्त्रक्रियेचा सल्ला दिलेल्या प्रत्येक रुग्णाला त्याच दिवशी एक क्रमांक द्यावा आणि तो केसपेपरवर लिहून द्यावा. दर महिन्याला, नावे न देता, किती जण थांबले, किती जणांचे झाले आणि सर्वांत जुनी प्रतीक्षा किती महिन्यांची, हे रुग्णालयाच्या दारात आणि संकेतस्थळावर लावावे.

दुसरे गाऱ्हाणे आपल्या दोघांच्या खात्यांमधल्या भिंतीचे. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालये सार्वजनिक आरोग्य विभागाची, महाविद्यालयांची रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाची, मोठ्या शहरांत महापालिकांची वेगळीच. गेल्या काही वर्षांत अनेक जिल्हा रुग्णालये नव्या वैद्यकीय महाविद्यालयांना जोडली गेली. रुग्णाला यातले काहीच ठाऊक नसते. "आमच्याकडे होणार नाही, मोठ्या दवाखान्यात जा" असे सांगून त्याला वर पाठवले, की तिथे नवा केसपेपर, नव्या तपासण्या, आणि रांगेत तो पुन्हा शेवटी. इथे आठ महिने थांबलेला माणूस तिथे पहिल्या दिवसाचा ठरतो. मागणी अशी, की क्रमांक रुग्णाबरोबर जावा. पहिला सल्ला ज्या तारखेला मिळाला, तीच त्याची तारीख धरावी, रुग्णालय कोणतेही असो.

तिसरे गाऱ्हाणे : तारीख मिळाली तरी टेबल मिळत नाही. खेड्यातल्या माणसाला हे कसे भोगावे लागते ते सांगते. सोमवारी ओपीडीत सर्जन बघतात. रक्त-लघवीच्या तपासणीसाठी मंगळवारी या. छातीचा एक्स-रे आणि ईसीजी बुधवारी. फिजिशियनचे फिटनेस वेगळ्या दिवशी, भूलतज्ज्ञांची तपासणी आणखी वेगळ्या दिवशी. प्रत्येक खेपेला एसटीचे भाडे, बरोबरच्या माणसाची बुडालेली रोजंदारी, घरी म्हशींची धार काढायला कोण हा घोर. इतके करून तारीख दोन महिन्यांनी मिळते, तोवर रिपोर्ट जुने होतात आणि पुन्हा करावे लागतात. आदल्या दिवशी भरती व्हायचे. रात्री बारानंतर पाण्याचा घोटही नाही. सकाळी नाव बोर्डावर असते, तेवढ्यात अडलेली बाई येते, सिझर करावे लागते. भूलतज्ज्ञ एकच. मग दुसरे सिझर येते. दुपारी दोन वाजता मी जाऊन सांगायचे, की आज होणार नाही, जेवून घ्या. एकदा साठीच्या एका आजींनी मला विचारले, "बाई, उद्या तरी नक्की का? म्हणजे लेकाला थांबवते, नाहीतर त्याला कामावर जाऊ दे." उद्याचे मलाही माहीत नव्हते.

बाळंतिणीचा जीव आधी वाचवायचा, यात वाद नाही. पण तातडीचे आणि ठरवलेले अशी दोन्ही कामे एकाच टेबलवर आणि एकाच भूलतज्ज्ञावर टाकली, की ठरवलेले नेहमी मागे पडणार. म्हणून ही दोन कामे वेगळी करा. इंग्लंडने साथीनंतर केवळ नियोजित शस्त्रक्रियांसाठी वेगळी केंद्रे उभी केली, ती याच कारणाने. आपल्याला नव्या इमारती बांधाव्या लागणार नाहीत. तालुक्याच्या कित्येक रुग्णालयांत चांगली थिएटरे आहेत. टेबल आहे, दिवा आहे, हत्यारे निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह आहे. पण भूलतज्ज्ञ नाही, म्हणून आठवड्यातले बरेच दिवस कुलूप. जिल्ह्यात अशी एक-दोन ठिकाणे ठरवा. तिथे तातडीची केस घ्यायची नाही. ठरलेल्या वारी सर्जन, भूलतज्ज्ञ आणि दोन सिस्टरांचे पथक तिथे गेलेच पाहिजे. हर्निया, हायड्रोसील, मोतीबिंदू, गाठी, मूळव्याध ही कामे तिथे रांगेने होऊ शकतात. बाहेरून बोलावलेल्या भूलतज्ज्ञांचे मानधन महिनोन्महिने अडकते, मग ते यायचे बंद होतात. ते त्याच महिन्यात द्या. आणि तपासणीसाठी एकच दिवस ठेवा, ज्या दिवशी रक्त, एक्स-रे, ईसीजी आणि भूलतज्ज्ञ सगळे एका सकाळीत उरकेल. शेवटचे म्हणजे, ऐनवेळी रद्द झालेल्या प्रत्येक केसचे कारण लिहून दर महिन्याला वर पाठवायला लावा. रक्त नव्हते म्हणून किती, भूलतज्ज्ञ नव्हते म्हणून किती, पावसाळ्यात थिएटरचा कपडा वाळला नाही म्हणून किती, हे कळले तर अर्धी कारणे जिल्ह्याच्या पातळीवरच मिटतील.

चौथे गाऱ्हाणे क्रमाचे. आज क्रम कशाने ठरतो? जो पुन्हापुन्हा येऊन विचारतो त्याचा नंबर लागतो. कोणाची तरी चिठ्ठी किंवा फोन घेऊन येणाऱ्याचा आधी लागतो. जो लाजतो, ज्याच्याकडे भाड्याचे पैसे नाहीत, ज्याला "पुढच्या महिन्यात या" हे शब्द हुकूम वाटतात, तो मागे राहतो. असा एक शेतकरी माझ्या डोळ्यांसमोर आहे. जांघेतला हर्निया, टाळेबंदीच्या आधीपासूनचा. दोनदा येऊन परत गेला. दुसऱ्या लाटेनंतर एका रात्री त्याला जीपमध्ये घालून आणले. आतडे अडकून काळे पडले होते. दिवसाउजेडी तासाभरात झाले असते ते ऑपरेशन रात्री आतड्याचा तुकडा कापून जोडण्यावर गेले. माणूस वाचला. पण कितीतरी दिवस तो वॉर्डात पडून होता आणि त्या हंगामाची पेरणी त्याच्या हातून झाली नाही. थांबणाऱ्याचा आजार थांबत नाही, हे थिएटरमधली प्रत्येक सिस्टर सांगेल. पित्ताशयातला खडा सरकून स्वादुपिंडाला सूज आणतो. पिकून गेलेल्या मोतीबिंदूमुळे डोळ्यातला दाब वाढतो आणि डोळाच जातो. कर्करोगात तर आठवड्यांचा हिशेब असतो. २०२० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासानुसार कर्करोगाची शस्त्रक्रिया चार आठवड्यांनी लांबली, की मृत्यूचा धोका सहा ते आठ टक्क्यांनी वाढतो.

क्रम नीट लावला तर काय साधते, हे आपल्याच मुंबईने दाखवले आहे. २३ मार्च ते ३० एप्रिल २०२०, म्हणजे कडक टाळेबंदीत, टाटा मेमोरियल रुग्णालयाने कर्करोगाच्या ४९४ मोठ्या शस्त्रक्रिया केल्या आणि त्यांत शस्त्रक्रियेनंतर एकही मृत्यू झाला नाही. कोणाला थांबवता येईल आणि कोणाला मुळीच नाही, हे ठरवून त्यांनी काम चालू ठेवले. तेवढी साधने जिल्ह्यात नसतील, पण क्रम लावायला यंत्रे लागत नाहीत. मागणी अशी, की सर्जनने प्रत्येक रुग्णाचा गट ठरवावा : काही दिवसांत, महिन्याच्या आत, तीन महिन्यांच्या आत, त्यानंतर चालेल. गटाच्या आत जो आधी आला तो आधी. दर तीन महिन्यांनी प्रत्येकाला फोन करून विचारावे, की त्रास वाढला का, अजून ऑपरेशन हवे आहे का, दुसरीकडे झाले का. आणि क्रम बदलला तर कारण व सही यादीत असावी. माननीय लोकप्रतिनिधींनाही विनंती करा, की फोन करायचाच असेल तर यादी का हलत नाही हे विचारायला करावा.

याच विषयात आणखी एक. तारीख देताना माणसाचे काम विचारा. बीडकडची ऊसतोड करणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमाराला निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांना जानेवारीची तारीख देणे म्हणजे न देणेच. शेतकऱ्याला मृगाच्या पेरणीत बोलावून उपयोग नाही. बायका तर दिराचे लग्न, सुनेचे बाळंतपण, लेकराची परीक्षा असे म्हणत स्वतःच तारीख पुढे ढकलतात, कारण घरात त्यांची पाळी शेवटची असते. अंग बाहेर येत असताना डोक्यावर हंडा घेणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. ती आली नाही म्हणून तिचे नाव खोडू नका. आशाताईला तिच्या घरी पाठवा.

पाचवे, पैशाबद्दल. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे संरक्षण दीड लाखांवरून पाच लाखांवर नेले. याबद्दल मी मनापासून आभार मानते. गरिबाला आज दारात अडवतो तो केसपेपरचा पैसा नव्हे, तर वेळ. मोफत उपचार दोन वर्षांनी मिळणार असतील, तर त्या दोन वर्षांची किंमत तो खासगी सावकाराकडे मोजतो. म्हणून ज्यांच्या गटाची मुदत उलटून गेली, त्यांना योजनेतल्या खासगी किंवा धर्मादाय रुग्णालयात पाठवण्याची जबाबदारी सरकारी रुग्णालयाने घ्यावी. पत्र द्यावे, तिथली तारीख घेऊन द्यावी, आरोग्यमित्राने सोबत उभे राहावे. नुसते "तिकडे जा" म्हणू नये. मात्र काही शस्त्रक्रिया योजनेत सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. राखून ठेवल्या असतील, तर त्या वेळेत करून दाखवणे हे आपले कर्तव्य ठरते.

सहावे गाऱ्हाणे माणसांचे. ज्यांनी दोन वर्षे पीपीई किट घालून रात्री काढल्या, त्याच सिस्टर, तेच मामा-मावश्या, तेच निवासी डॉक्टर यांच्याकडून आता अनुशेष भरायची अपेक्षा आहे. निवासी डॉक्टरांच्या एका तुकडीचे शिकण्याचे महिने कोविड वॉर्डात गेले. पुढची तुकडी वेळेवर आलीच नाही, कारण २०२१ ची नीट-पीजी सप्टेंबरपर्यंत लांबली आणि प्रवेश २०२२ उजाडल्यावर सुरू झाले. त्यांना टेबलवर हात बसण्यासाठी जास्तीचे मार्गदर्शन आणि जास्तीच्या केसेस द्या. परिचारिकांच्या रिक्त जागा कायमस्वरूपी भरा. थिएटरचे काम शिकायला वर्ष-दोन वर्षे लागतात. अकरा महिन्यांच्या करारावर आलेली मुलगी शिकून तयार होते तोवर तिचा करार संपलेला असतो.

सातवे गाऱ्हाणे नव्हे, भीती आहे आणि ती मी हात जोडून सांगते. अनुशेष हा शब्द निघाला, की मोहीम निघते. मोहीम निघाली, की उद्दिष्ट येते, रोजचा आकडा येतो, फलक आणि छायाचित्रे येतात. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडात बिलासपूरजवळ एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि त्या दिवसांतल्या शिबिरांत तेरा जणी दगावल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिहारात मुजफ्फरपूरच्या मोतीबिंदू शिबिरानंतर जंतुसंसर्गाने अनेकांचे डोळे काढावे लागले. एका केसनंतर दुसरी घेताना हत्यारांचा नवा संच लागतो. ऑटोक्लेव्हला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच, तो कोणत्याही आदेशाने कमी होत नाही. मग आकडा गाठायचा दबाव आला, की तडजोड तिथेच होते. थिएटरमध्ये रोज किती केसेस सुरक्षितपणे होतील हे सर्जन, भूलतज्ज्ञ आणि इन्चार्ज सिस्टर यांनी ठरवावे. मंत्रालयाने ठरवू नये. संच वाढवा, दुसरा ऑटोक्लेव्ह द्या, कपडा धुण्या-वाळवण्याची सोय करा, मग आकडा आपोआप वाढेल. पंधरवड्याची मोहीम नको. वर्षाचे सगळे आठवडे सारख्या गतीने चालणारे काम हवे.

मंत्रिमहोदय, या सगळ्याला पैसा लागेल, माणसे लागतील, वेळ लागेल, हे मी जाणते. सगळे एकदम होणार नाही. पण यादी तयार करायला फक्त एक परिपत्रक आणि प्रत्येक रुग्णालयात एक जबाबदार माणूस पुरेल. कपाटातली जुनी रजिस्टरे काढायला सांगा. मार्च २०२० पासून थांबलेली नावे उतरवून घ्या. फोन लावायला माणसे कमी पडली, तर माझ्यासारख्या निवृत्त परिचारिका प्रत्येक जिल्ह्यात आहेत. आम्हाला ती निदाने कळतात, ती गावे माहीत आहेत आणि रुग्णाशी कसे बोलायचे तेही. आम्ही मानधनाशिवाय येऊ.

पहिली यादी अपुरी निघेल. काही नावे दोनदा येतील, काही सुटतील, आणि आकडा पाहून विधानसभेत आपल्याला कडू प्रश्न विचारले जातील. तरीही ती लावा. येत्या तीन महिन्यांत, प्रत्येक रुग्णालयाच्या दारात, मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत लावा. पुढच्या महिन्यात ती थोडी कमी झालेली दिसली, तर लोक थांबतील; आणि वाढलेली दिसली, तर का वाढली हे आपल्याला विचारण्याचा हक्क त्यांना मिळेल. आजवर थांबलेल्यांना तोही मिळालेला नाही.

कळावे,

आपली विश्वासू,
जिल्हा रुग्णालयातून निवृत्त झालेली
एक शस्त्रक्रियागृह परिचारिका